तालुक्याच्या गावी वारसाचे जुने कागद कसे शोधायचे आणि कसे वाचायचे

वडिलोपार्जित जमिनीचं काय झालं हे शोधायला निघालेली माणसं बहुतेक वेळा चुकीच्या टोकापासून सुरुवात करतात. आधी वकील गाठतात, मग जिल्हा न्यायालयात आजोबांच्या नावाने 'काही आहे का' असं विचारतात. तिथे काही सापडत नाही, आणि कागदच नाहीत असं समजून गप्प बसतात. कागद असतात, फक्त कोर्टात नसतात. ग्रामीण महाराष्ट्रात बहुसंख्य वारसाहक्क न्यायाधीशापुढे गेलेच नाहीत. तलाठ्याकडे वर्दी (मृत्यू आणि वारसांची खबर) दिली, फेरफार (जमिनीच्या दप्तरात नाव बदलल्याची नोंद) झाला, सर्कलने (मंडळ अधिकाऱ्याने) तो मंजूर केला, की घरच्यांच्या दृष्टीने विषय संपला. भांडण झालं, बँकेत पैसा अडकला किंवा मृत्युपत्रावरून वाद पेटला, तरच प्रकरण कोर्टात गेलं. म्हणून शोधाचा क्रम असा ठेवा: घर, गाव, तहसील, दुय्यम निबंधक (दस्त नोंदणीचं कार्यालय) आणि सगळ्यात शेवटी कोर्ट.

हे मार्गदर्शन प्रामुख्याने पश्चिम महाराष्ट्र आणि कोकणातल्या शेतजमिनीसाठी आहे. मराठवाडा आणि विदर्भात जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे. मुंबई शहर आणि गोवा यांची पद्धत वेगळी असल्याने तिथे हा क्रम लागू पडणार नाही.

## टप्पा १ : घराबाहेर पडण्यापूर्वी

एका मोठ्या कागदावर वंशावळ काढा. प्रत्येक नावापुढे मृत्यूची तारीख लिहा, निदान वर्ष तरी लिहाच. वाटा कोणाला किती, हे मृत्यू कधी झाला यावर ठरतं, त्यामुळे ही तारीख सगळ्यात महत्त्वाची आहे. अलीकडच्या मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत मिळते. जुन्यासाठी गाव नमुना १४, म्हणजे लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात ते, तहसील कार्यालयात पाहावं लागतं. घरात शाळा सोडल्याचे दाखले असतील तर तेही काढून ठेवा. वडील वारले तेव्हा कोणता मुलगा अज्ञान (वयाने लहान, सज्ञान न झालेला) होता हे त्यावरून कळतं.

वंशावळीत बायकांना वगळू नका. आत्या, आजीच्या सवती, लहानपणी विधवा होऊन माहेरी परतलेल्या चुलत आज्या, सगळ्यांची माहेरची आणि सासरची दोन्ही नावं लिहा. पुढे अडचण येते ती नेमकी या नावांवरच.

जुन्या नोंदींत आडनाव बऱ्याचदा नसतं. 'अमुक बिन तमुक' म्हणजे तमुकचा मुलगा अमुक. 'कोम' किंवा 'भ्र.' असेल तर पुढचं नाव नवऱ्याचं. आज जाधव लावणारं घर जुन्या कागदात पाटील म्हणून किंवा गावाच्या नावावरून ओळखलं जात असेल. माहीत असलेली सगळी रूपं लिहून ठेवा.

शेवटी गावाचा त्या काळचा तालुका आणि जिल्हा ठरवा. १९८१ पूर्वी आजचा सिंधुदुर्ग रत्नागिरी जिल्ह्यात होता आणि रायगडचं नाव कुलाबा होतं. नंदुरबार १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात होता, पालघर २०१४ पर्यंत ठाण्यात. जिल्हा बदलला की सगळी दप्तरं नव्या ठिकाणी हलतातच असं नाही. कोर्टाच्या आणि नोंदणीच्या जुन्या वह्या मूळ जिल्ह्यात राहिलेल्या असू शकतात.

तपासा: वंशावळ, मृत्यूची वर्षं, नावांची रूपं, गावाचा तेव्हाचा आणि आत्ताचा तालुका. हे चार तपशील हातात नसतील तर तहसीलची फेरी वाया जाईल.

## टप्पा २ : आजच्या सातबाऱ्यावरून मागे चाला

महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर सातबारा आणि ८-अ (खातेदाराच्या सगळ्या जमिनींचा उतारा) पाहा. आज जमीन कोणाच्याही नावावर असली तरी सुरुवात तिथूनच करायची, कारण तुम्हाला नाव नको आहे, फेरफार क्रमांक हवा आहे. खातेदाराच्या नावासमोर फेरफार क्रमांक असतो आणि खाली 'जुने फेरफार क्रमांक' अशी ओळ असते. जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर हेच आकडे नावाशेजारी वर्तुळात लिहिलेले दिसतील. ते सगळे आकडे चढत्या क्रमाने उतरवून घ्या.

नावावरून शोधू नका. एका गावात त्याच नावाची चार माणसं असतात, पण एका गावातला फेरफार क्रमांक एकाच नोंदीचा असतो.

मागे जाताना एका ठिकाणी साखळी तुटल्यासारखी वाटेल. आज गट नंबर १८७ आहे आणि १९६० च्या कागदांत तो नंबर दुसऱ्याच कोणाच्या जमिनीचा निघतो. जिथे १९४७ च्या तुकडेबंदी-एकत्रीकरण कायद्याखाली योजना राबवली गेली, तिथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. जुन्या सर्व्हे-हिश्श्याचा कोणता गट झाला हे कळण्यासाठी भूमी अभिलेख उपअधीक्षकांकडून एकत्रीकरणाचा जबाब आणि त्यासोबतचं पत्रक घ्या. हा दुवा मिळाल्याशिवाय त्याआधीच्या कागदांना हात लावू नका. नाहीतर परक्याच्या जमिनीचा इतिहास उकरत बसाल.

सावधान: सातबाऱ्यावर कंसात टाकलेलं नाव म्हणजे कोणत्या तरी फेरफाराने ते नाव कमी झालं आहे. हक्क कायद्याने गेला की नुसता लेखणीने, हे त्या फेरफाराची नक्कल वाचल्यावरच कळेल.

## टप्पा ३ : तहसीलच्या अभिलेख कक्षात काय मागायचं

तुमच्या तालुक्याचे स्कॅन केलेले जुने कागद 'आपले अभिलेख' या सरकारी पोर्टलवर आहेत का ते आधी बघा. नसतील किंवा पान वाचता येत नसेल तर नक्कल अर्ज करा. कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि अर्जात गाव, जुना सर्व्हे किंवा गट नंबर, फेरफार क्रमांक आणि सालं स्पष्ट लिहा. 'आमच्या जमिनीचे सर्व जुने कागद मिळावेत' असा अर्ज केला तर तो परत येणार हे नक्की. महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होऊन ३१ जुलैला संपतं, त्यामुळे मार्च १९६४ मधली गोष्ट १९६३-६४ च्या कागदांत असते.

एकाच अर्जात हे मागा:

१. प्रत्येक फेरफाराची संपूर्ण नक्कल, गाव नमुना ६. शेऱ्याचा रकाना आणि मंजुरीच्या सहीसकट.

२. गाव नमुना ६-क, म्हणजे वारस प्रकरणांची नोंदवही. ही मागायला बहुतेक जण विसरतात. फेरफारात अंतिम नावं येतात, तर ६-क मध्ये कोण-कोण वारस सांगितले गेले आणि चौकशीत काय ठरलं ते असतं. फेरफारात नसलेली मुलगी ६-क मध्ये सापडू शकते.

३. गाव नमुना ६-अ, म्हणजे तक्रारींची नोंदवही. कोणी हरकत घेतली होती का, ते यात कळतं.

४. हस्तलिखित सातबारे, सलग सर्व वर्षांचे. मधली दहा वर्षं गाळली तर नेमका बदल तिथेच झालेला असतो.

मराठवाड्यात १९५४ च्या सुमाराचं खासरा पत्रक आणि विदर्भात १९५४-५५ चा अधिकार अभिलेख हे आधारभूत कागद समजले जातात, त्यांच्या नकला घ्या. निजामी अमलातले कागद उर्दूत असतील आणि त्यांवर फसली सन (तिथली जुनी महसुली कालगणना) असेल. त्यात साधारण ५९० मिळवले की इसवी सन येतो. शके असेल तर ७८ मिळवा. मोडीतली पानं अंदाजाने वाचू नका. पुराभिलेख विभागाची मोडी परीक्षा उत्तीर्ण झालेल्या जाणकाराकडून देवनागरीत उतरवून घ्या आणि त्याची सही घ्या.

सावधान: 'रेकॉर्ड जीर्ण झालंय, मिळत नाही' हे तोंडी उत्तर घेऊन परत फिरू नका. अभिलेख उपलब्ध नसल्याचं लेखी मागा. देत नसतील तर माहिती अधिकारात अर्ज करून त्या वहीची पाहणी मागा. पुढे कोर्टात दुय्यम पुरावा (मूळ कागद नसताना द्यायचा पुरावा) द्यायची वेळ आली तर तो लेखी नकार उपयोगी पडतो.

## टप्पा ४ : वारस फेरफार ओळ न ओळ वाचा

नक्कल हातात आली की लोक फक्त नावं बघतात आणि घडी घालून ठेवतात. खरं काम इथे सुरू होतं. नमुन्यादाखल एक नोंद घेऊ. अशा नोंदी तुम्हाला गावोगाव दिसतील.

"खातेदार अमुक बिन तमुक हे ता. ८/३/१९६४ रोजी मयत. त्यांचे वारस १) मुलगा अ, २) मुलगा ब, अ.पा.क. भाऊ अ, ३) बायको क. मुलगी ड हिचे लग्न झाले असून ती सासरी नांदते. सबब नं. १ याचे नाव ए.कु.मॅ. म्हणून दाखल. वर्दी अ याची."

शेऱ्यात: "मयत खात्री केली. वारस बरोबर. नोंद मंजूर." खाली सही आणि तारीख.

आता एकेक शब्द घ्या.

'मयत ता. ८/३/१९६४'. ही मृत्यूची तारीख आहे. फेरफाराची तारीख वेगळी असते आणि कधी कधी वीस-वीस वर्षं नंतरची. वाटे मृत्यूच्या तारखेवर ठरतात. दोन तारखांत घोळ केला तर पुढचा सगळा हिशेब चुकतो. शिवाय वर्दी देणाऱ्याने सांगितलेली तारीख बरोबरच असते असंही नाही, म्हणून ती कोतवाल बुकाशी ताडून बघा.

'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता. ब तेव्हा सज्ञान नव्हता आणि त्याच्या वतीने मोठा भाऊ सांभाळ करत होता. भावाचं नाव आहे म्हणून ब चा वाटा भावाचा झाला नाही.

'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. सगळ्या नोंदीत माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा शब्द हाच. नाव एकाचं असलं तरी ते साऱ्या कुटुंबासाठी लावलेलं आहे. सातबारा नव्याने लिहिताना किंवा संगणकावर चढवताना ही अक्षरं गळालेली अनेक ठिकाणी दिसतात. मग उरतं ते नुसतं 'अ' चं नाव, आणि पुढच्या पिढीला वाटतं की जमीन एकट्या अ चीच होती. ए.कु.मॅ. शेवटचं कोणत्या वर्षाच्या सातबाऱ्यावर दिसतं आणि कोणत्या वर्षापासून गायब होतं, ते शोधून लिहून ठेवा. मधे कोणताही वाटपाचा फेरफार नसेल तर अक्षरं गळाल्याने हक्क बदललेला नाही.

'मुलगी ड सासरी नांदते'. हे नाव गाळण्याचं कारण म्हणून लिहिलेलं असतं, पण कायद्यात ते कारण नाही. १७ जून १९५६ पासून हिंदू वारसा कायद्यात मुलगी, मुलगा, विधवा आणि आई हे सगळे पहिल्या वर्गाचे वारस आहेत. मृत्यू १९६४ चा आहे, म्हणजे वडिलांच्या वाट्यात ड वारस आहे. काही नोंदींत मुलींची नावं 'इतर हक्कात' (मालकांच्या रकान्याबाहेर) टाकलेली सापडतात. त्यांचा हक्क त्यामुळेही कमी होत नाही.

'हक्क सोडला' असं लिहिलं असेल तर? कशाने सोडला ते बघा. बहिणीने तलाठ्यापुढे दिलेला जबाब वेगळा आणि नोंदणीकृत हक्कसोडपत्र वेगळं. शेतजमिनीतला हिस्सा नुसत्या जबाबाने सुटत नाही, त्याला नोंदणीकृत दस्त लागतो. फेरफारात दस्त क्रमांक आणि तारीख असेल तर पुढच्या टप्प्यात तो दस्त काढा. नसेल तर त्या ओळीखाली लाल रेघ मारा.

'वर्दी अ याची'. ज्याला फायदा झाला त्यानेच वर्दी दिली. म्हणजे लबाडी झाली असं नाही, पण बाकीच्यांना नोटीस मिळाली का हे विचारायला हवं. नमुना ९ च्या नोटिशीवर (फेरफाराची खबर संबंधितांना देणारी नोटीस) ब, क, ड यांच्या सह्या किंवा अंगठे आहेत का ते पाहा.

'नोंद मंजूर'. हा शेरा नसेल किंवा 'नामंजूर', 'रद्द' असेल, तर त्या फेरफारावरून सातबाऱ्यावर नाव यायलाच नको होतं. फक्त लिहिलेला आणि प्रमाणित (मंजूर) झालेला फेरफार, हा फरक प्रत्येक नकलेवर तपासा.

सावधान: आजोबांचं नाव १९५७ च्या आसपास गेलं असेल तर वारसांकडे बोट दाखवण्याआधी कुळकायदा बघा. १ एप्रिल १९५७, कृषक दिन, या दिवशी मुंबई राज्याच्या कुळकायद्याखाली कसणारी कुळं जमिनीची मालक मानली गेली. नावासमोर ३२-ग किंवा ३२-म (कुळाच्या खरेदीची कलमं) चा उल्लेख असेल तर तो वारसाचा विषय नाही. कागदही वेगळे, शेतजमीन न्यायाधिकरणाचे.

## टप्पा ५ : दुय्यम निबंधक कार्यालय

इथे दोन गोष्टी शोधायच्या: स्थावराचे दस्त (वाटणीपत्र, हक्कसोडपत्र, खरेदीखत) आणि मृत्युपत्र. स्थावराचे दस्त पुस्तक १ मध्ये आणि त्यांची सूची क्रमांक २ मध्ये असते. अलीकडची वर्षं नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर मिळतात. त्याआधीचा शोध फी भरून कार्यालयातच घ्यावा लागतो. गाव आणि साल द्या, आणि मृत्यूनंतरची वीस-पंचवीस वर्षं तरी पाहा.

मृत्युपत्रं पुस्तक ३ मध्ये असतात, सूची २ मध्ये नाही. 'इंडेक्स टू (सूची २) मध्ये काही नाही, म्हणजे मृत्युपत्र नाही' हा निष्कर्ष म्हणूनच चुकीचा. मृत्युपत्र करणारा जिवंत असेपर्यंत त्याची नक्कल फक्त त्याला किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीला मिळते, मृत्यूनंतर मृत्यू दाखला जोडून इतरांना मागता येते. मोहोरबंद पाकिटातलं मृत्युपत्र मात्र जिल्हा निबंधकाकडे ठेवलेलं असतं, तिथे वेगळी चौकशी करा. मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही, त्यामुळे ते घरच्या पेटीतही निघू शकतं. एक सापडलं की शोध थांबवू नका, नंतरचं मृत्युपत्र आधीचं रद्द करू शकतं.

## टप्पा ६ : दिवाणी न्यायालय

आता कोर्ट. तिथे जाण्यापूर्वी कोणतं प्रकरण शोधायचं ते ठरवा, कारण नावं सारखी वाटली तरी कागद वेगळे असतात.

वारस दाखला. १८२७ च्या मुंबई विनियम ८ खाली मिळतो. अर्जदाराला मयताचा वारस म्हणून ओळख देणारा कागद. त्याने मालकीचा वाद मिटत नाही. नोंद 'चौकशी अर्ज' किंवा 'किरकोळ अर्ज' या सदरात असते.

उत्तराधिकार प्रमाणपत्र. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याखाली, बँकेतल्या ठेवी, येणी आणि रोखे यांसाठी. जमिनीसाठी हे चालत नाही. आजही लोक हेच घेऊन तलाठ्याकडे जातात आणि निराश होतात.

प्रोबेट. मृत्युपत्र खरं असल्यावर कोर्टाचं शिक्कामोर्तब. मुंबई शहराबाहेरच्या जमिनीबद्दल गावातल्या हिंदू माणसाने केलेल्या मृत्युपत्राला ते सक्तीचं नव्हतं. तालुक्यात प्रोबेट सापडलं नाही, यावरून मृत्युपत्र खोटं ठरत नाही.

वाटपाचा दावा. 'रे.मु.नं.' किंवा 'स्पे.मु.नं.' (रेग्युलर किंवा स्पेशल मुकदमा नंबर) असा क्रमांक. कुटुंबाचा खरा इतिहास बहुधा इथेच असतो.

ई-कोर्टवर पक्षकाराच्या नावाने शोधताना स्पेलिंग बदलून बदलून पाहा. जुनी निकाली प्रकरणं तिथे नसतील, त्यासाठी कोर्टाच्या रेकॉर्ड रूममधलं रजिस्टर. क्रमांक माहीत नसेल तर परत फेरफाराकडे जा. कोर्टाच्या हुकमावरून झालेल्या नोंदीत दावा क्रमांक आणि तारीख लिहिलेली असते. हा सर्वांत सोपा मार्ग आहे आणि म्हणूनच कोर्ट शेवटी. तुम्ही पक्षकार नसाल तर नकलेच्या अर्जात कारण लिहावं लागतं आणि न्यायाधीशांची परवानगी लागते. पक्षकाराचे वारस आहात हे वंशावळीसह दाखवा.

फाइल मिळाली की निकालाआधी रोजनामा वाचा. कोण हजर होतं, कोणाला नोटीस लागली नाही, एकतर्फा हुकूम कोणाविरुद्ध झाला, हे सगळं त्यात तारीखवार असतं. मग दावा आणि त्यातली वंशावळ, कैफियत (प्रतिवादीचं उत्तर), निशाणी क्रमांक घातलेले पुरावे, आणि शेवटी न्यायनिर्णय व हुकूमनामा (डिक्री). फार जुन्या फाइलमधले पुरावे नियमाप्रमाणे नष्ट केलेले असू शकतात, तरी निकाल आणि हुकूमनामा जास्त काळ जपतात, तेव्हा निदान तेवढे मागाच.

तपासा: हुकूमनामा प्राथमिक आहे की अंतिम? वाटपाच्या दाव्यात आधी कोणाचा किती हिस्सा एवढंच ठरतं. शेतजमिनीचे प्रत्यक्ष तुकडे पाडण्यासाठी प्रकरण जिल्हाधिकाऱ्याकडे जातं, तिथून तहसील आणि मोजणी खात्याकडे. 'आजोबा दावा जिंकले होते' असं घरात सांगतात, आणि कागद पाहिले तर प्राथमिक हुकूमनाम्यापुढे कोणी गेलेलंच नसतं. पुढच्या दरखास्तीचा (हुकमाच्या अंमलबजावणीच्या अर्जाचा) क्रमांकही शोधा.

## टप्पा ७ : तारखा कायद्याशी लावून बघा

सगळे कागद जमले की एक तक्ता करा: घटना, तारीख, कागद, त्यात कोण आहे, कोण गाळलं आहे. मग हिंदू कुटुंबासाठी प्रत्येक मृत्यू या तारखांशी ताडा. १७ जून १९५६ च्या आधीचा मृत्यू असेल तर जुना हिंदू कायदा लागतो. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून, त्या तारखेपूर्वी लग्न न झालेल्या मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत सहहिस्सेदार केलं. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तो हक्क सर्व मुलींना दिला. वडील त्या दिवशी हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केलं. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकमाने झालेली वाटणी मात्र या दुरुस्तीने मोडत नाही, म्हणून टप्पा ५ मधला वाटणीपत्राचा शोध अर्धवट सोडायचा नाही.

मुस्लिम आणि ख्रिस्ती कुटुंबांना या तारखा लावू नका, त्यांचे वारसा नियम वेगळे आहेत.

## टप्पा ८ : चूक सापडली तर

नक्कल करताना नाव चुकलं, क्षेत्राचा आकडा चुकला, ए.कु.मॅ. गळलं, अशी लेखनातली चूक असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदाराकडे अर्ज. वारसच गाळला असेल तर ती लेखनातली चूक नव्हे. अशा ठिकाणी १५५ चा अर्ज करून वर्षं घालवू नका. प्रमाणित नोंदीविरुद्ध कलम २४७ खाली उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील करता येतं. मुदत ६० दिवसांची, उशीर झाला असेल तर विलंब माफीचा अर्ज सोबत जोडावा लागतो आणि कागद प्रथम कधी हाती आले ते त्यात पुराव्यासह सांगावं लागतं. नकलेवरची अर्जाची आणि नक्कल दिल्याची तारीख इथे कामाला येते, तेव्हा तो शिक्का असलेलं पान फेकू नका. मालकीचा आणि हिश्श्याचा खरा वाद असेल तर तो महसूल अधिकारी सोडवू शकत नाही, कारण फेरफाराने मालकी मिळतही नाही आणि जातही नाही. त्यासाठी दिवाणी दावा, आणि वकिलाकडे जायची वेळ आता.

जाताना मूळ नकला देऊ नका, झेरॉक्स द्या. तक्ता आणि वंशावळ वर ठेवा, फेरफार क्रमांकाप्रमाणे कागद लावा, आणि जे मिळालं नाही त्याचे लेखी नकार वेगळ्या पाकिटात घाला.